सम तारखांना तुटणारी लाइन

चार दिवसांपूर्वी जेवताना भिंगरीने एक प्रश्न विचारला आणि तो काही केल्या आईच्या डोक्यातून जाईना. "आई, मला माणसं ओळखता येत नाहीत का गं?" एवढंच. उत्तराची वाट न बघता ती हात धुवायला उठलीसुद्धा.

मुलीने आदळआपट केली असती, दार लावून घेतलं असतं, तर आईने निभावून नेलं असतं. सत्तावीस वर्षं तेच तर चाललं होतं. पण हा प्रश्न तिने मीठ कमी पडलंय का असं विचारावं तसा विचारला. तेव्हापासून ती दोनदा कुलूप लावून परत बघायला येत होती. चहात साखर घातली की नाही हे चाखून बघत होती. ज्या पोरीने नवव्या वर्षी कुणाला न विचारता घरातला रेडिओ उघडला आणि पुन्हा जोडून वाजवून दाखवला, ती आता स्वतःच्या हातांवर पहारा ठेवत होती. आईला घोर लागला होता तो यामुळे. आणि प्रश्नाचं खरं उत्तर तिला माहीत होतं, म्हणून जास्तच.

भिंगरी हे नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी ही एका जागी ठरायची नाही. रेडिओच्या त्या प्रकारानंतर ती बसली ती जणू कायमचीच, पण नाव काही बदललं नाही. आता ती रक्त-लघवी तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळत होती. करड्या रंगाचा एकच स्वेटर, केसांना नमुन्यांच्या बाटल्यांवरचं रबर, आणि खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. बाबा म्हणायचे, हिच्या लग्नात वराला बघायला कुणी येणार नाही, मुलगी कुठला स्क्रू काढतेय ते बघायलाच येतील.

प्रयोगशाळेची गावभर सात केंद्रं होती. लोक सकाळी केंद्रावर रक्त देऊन जात, नमुने गाडीने मुख्य प्रयोगशाळेत येत, आणि संध्याकाळी प्रत्येक केंद्रावरचं मशीन टेलिफोनवरून प्रयोगशाळेला फोन लावून रिपोर्ट ओढून घेई. मशीनं जुनी, कुणीतरी टाकून दिलेली. त्यांना बाजारातली महागडी प्रणाली झेपत नव्हती, म्हणून भिंगरीने त्यांच्यावर युनिक्सच्या जातीची, फुकट मिळणारी प्रणाली घातली होती, जिच्यात चित्रं कमी आणि टाइप करणं जास्त. अशा मशीनला फोन लावायला शिकवावं लागतं. भिंगरीने ते स्वतःच्या हाताने लिहून शिकवलं होतं. पानावर दोन रकाने केल्यासारखं ते असे: समोरून काय ऐकू येईल, आणि त्यावर आपण काय म्हणायचं. नाव विचारलं की नाव सांग. पासवर्ड मागितला की पासवर्ड दे. लाइन बिझी आली तर ठेवून दे, मिनिटभर थांब, पुन्हा लाव. बुजऱ्या मुलाला परक्या घरी पाठवण्याआधी पढवतात ना, तसं. आईला ते फार आवडलं होतं. तिने बहिणीला फोन करून सगळं वाचून दाखवलं होतं, बहिणीला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं तरी.

तीन वर्षं सातही केंद्रं त्यावर चालली. पण मशीनला फोनशी जोडणारा एखादा मोडेम बदलला, टेलिफोनवाल्यांनी काही इकडचं तिकडे केलं, की पढवलेलं पोपटपंचीचं बोलणं अडखळायचं आणि घरचा फोन वाजायचा. "ताई, मशीन नुसतं शिट्ट्या मारतंय." मग भिंगरी ताटावरून उठून एकेक अक्षर सांगत बसायची. आई शेजारणीला सांगायची, आमच्या पोरीवाचून कुणाचा रिपोर्ट निघत नाही हो. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण शेजारीण काही खुळी नव्हती.

आणि मग माई आल्या.

माई म्हणजे प्रयोगशाळेच्या मालक डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलेल्या नव्या बाई. एका वाहतूक कंपनीत वीस वर्षं मशीनरूम सांभाळलेल्या, वयाने भिंगरीच्या आईहून दोन वर्षांनी लहानच. सगळेच त्यांना माई म्हणत, त्यात भिंगरीचा काही दोष नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात घरात 'माई म्हणतात' सुरू झालं. माई म्हणतात, स्क्रीनकडे बघताना दर अर्ध्या तासाने लांब बघावं. माई म्हणतात, चुकीचा संदेश घाबरून बंद करू नये, वाचावा. हेच आई दहा वर्षं सांगत होती, निदान तिला तसं वाटत होतं. घरात आई असताना बाहेर माई कशाला, हे तिच्या ओठांवर आलं की ती तिथूनच परत पाठवून द्यायची. बोलून दाखवण्यासारखं ते होतं का?

एकदा भिंगरीने कामावरच्या खुर्चीतली उशी आणली धुवायला. निळी, शिवलेली, मधे फुगीर. माईंनी दिलेली.

"कशाला?" आईने विचारलं.

"पाठ दुखते ना माझी."

पाठ दुखते हे आईला ठाऊकच नव्हतं. तिने उशी धुतली, वाळत घातली, आणि दिवसभर तिच्याकडे न बघता तिच्याभोवती वावरली.

त्याच आठवड्यात माईंचा फोन आला आणि तो आईने घेतला. भिंगरीच्या आई का, फार गुणी पोरगी आहे हो तुमची, असं माई म्हणाल्या. "मला माहीत आहे," आई म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की माई भिंगरी म्हणाल्या. घरातलं नाव घराबाहेर गेलं होतं.

मग फोन लावायच्या कामासाठी माईंनी एक तयार मिळणारा प्रोग्रॅम सुचवला. तो मोडेम स्वतःच ओळखायचा आणि तीनच गोष्टी विचारायचा: कुठला नंबर, कोणतं नाव, काय पासवर्ड. पुढचं बोलणं त्याचं तो जमवून घ्यायचा. काही बिघडलं तर केंद्रावरची बाई पुन्हा त्याच तीन उत्तरांनी तो उभा करू शकेल, भिंगरीला ताटावरून उठायला नको. तिसराही एक प्रकार होता, जो कुणी काही मागितलं की आपला आपणच फोन लावतो, पण तो भिंगरी आणि माई दोघींनी पहिल्याच दिवशी निकालात काढला. जुनी मशीनं सारखी काहीतरी मागतच असतात, तो रात्रभर फोन लावत बसला असता. उरले दोन. भिंगरीचं हाताने लिहिलेलं स्क्रिप्ट, आणि माईंचा प्रोग्रॅम.

"माई म्हणाल्या, तुझं लिहिलेलं छान आहे पण ते तुझ्याशिवाय चालत नाही, हाच त्याचा दोष," भिंगरी हसत हसत सांगत होती. तिला ते पटलंही होतं. आईच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं पोरीने डोळे फोडून केलं ते या बाईने तीन प्रश्नांत गुंडाळून ठेवलं, आणि पोरगी वर हसतेय.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे दोन्ही चालवून बघा आणि मला आकडे आणून द्या. प्रयोगशाळेची लाइन नवी कोरी होती, तिच्यावर काहीही चाललं असतं. भिंगरीच्या घरची लाइन केंद्रांसारखीच जुनी, खरखरणारी. म्हणून चाचणी घरी करायचं ठरलं. आणि ती कशी मांडायची हे भिंगरीने आईला विचारलं.

त्या एका विचारण्याने आई दोन दिवस हवेत होती. तिने अठरा वर्षं कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली होती. उत्तर आधी ठरवून रीडिंग मागून भरणारी मुलं ती दुरून ओळखायची, आणि अशी पानं तिने भर वर्गात फाडली होती. तिने भिंगरीला नीट बसवून सांगितलं. मशीन तेच, वेळ तीच, ओढायची फाइल तीच. दोघांना आलटून पालटून संधी. विषम तारखेला तुझं, सम तारखेला त्यांचं. रोज रात्री नऊला सुरू, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पूर्ण झालं की नाही एवढंच लिहायचं, मनाचं काही लिहायचं नाही.

"आणि आतल्या खोलीतला फोन काढून ठेव हं आई," भिंगरी म्हणाली. बाबांचा पाय मोडला होता तेव्हा पलंगाशी त्याच लाइनीवर दुसरा फोन घेतला होता. चालू लाइनवर तो उचलला की मशीनचं बोलणं तुटतं.

आई हो म्हणाली आणि विसरून गेली. इथपर्यंत तिची काही चूक नव्हती, विसरभोळेपणा सोडला तर.

एक तारखेला भिंगरीचं स्क्रिप्ट सुरळीत चाललं. दोन तारखेला नऊ वाजून गेल्यावर आईला बहिणीशी बोलावंसं वाटलं, आणि काय बोलायचं होतं तर माईंबद्दलच. तिने आतला फोन उचलला. कानात कर्कश किंचाळी आली तशी तिने तो निखारा असावा तसा टाकला. सांगायला म्हणून ती बाहेरच्या खोलीत आली. भिंगरी स्क्रीनपुढे हनुवटी तळहातावर टेकून बसली होती.

"गेली लाइन. पहिल्याच दिवशी माईंचा प्रोग्रॅम पडला." मग मान वळवून तिने विचारलं, "आतला फोन काढलायस ना?"

"हो," आई म्हणाली.

हे हो तोंडातून कसं गेलं ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळलं की माईंचा प्रोग्रॅम पडला हे शब्द ऐकून छातीत कुठेतरी गार वाटलं, कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं.

चार तारखेला तिने काही केलं नाही. माईंच्या प्रोग्रॅमने पहिल्या दमात फोन लावला आणि अठरा मिनिटांत काम उरकलं. भिंगरीने लगेच माईंना फोन केला आणि अर्धा तास दोघी खिदळत बसल्या. आई स्वयंपाकघरात तेच भांडं तीनदा पुसत होती. आपल्याशी ही शेवटची अशी कधी हसली होती ते तिला आठवेना. सहा तारखेला सव्वानऊला ती आत गेली, फोन उचलला, मनात दोन आकडे मोजले आणि ठेवला. आठला पुन्हा. दहाला तिने मुद्दाम सोडून दिलं, दर वेळी पडलं तर संशय येईल म्हणून. अठरा वर्षांची प्रात्यक्षिकं अशी कामाला आली. बारा तारखेला पुन्हा.

बाबा बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसायचे. बाराच्या रात्री पेन्सिल कानामागे ठेवून ते म्हणाले, "नऊच्या सुमाराला तुला आत काय काम निघतं गं?"

"कपड्यांच्या घड्या."

"काल नव्हत्या वाटतं कपड्यांना घड्या."

एवढं बोलून ते पुन्हा कोड्यात गेले. त्यांना काय कळलं होतं आणि किती, हे विचारायची तिची छाती झाली नाही. चौदाला ती आत गेली नाही. पण आकडे लागायचे तेवढे लागले होते. भिंगरीचं स्क्रिप्ट सातपैकी सहा वेळा, माईंचा प्रोग्रॅम सातपैकी तीन.

जिंकलेल्या माणसासारखी भिंगरी दिसत नव्हती. तिने तार बदलून बघितली. मोडेम बदलून बघितला. मशीनने लिहून ठेवलेल्या नोंदी तिने छापून आणल्या आणि पेन्सिलीने खुणा केल्या. त्यांत फक्त इतकंच होतं की अमुक वाजता समोरचा आवाज गेला. मग तिने माईंना सांगितलं, आणि माईंनी तोच प्रोग्रॅम स्वतःच्या घरी चार दिवस चालवला. एकदाही तुटला नाही म्हणाल्या. त्यांची लाइन आपल्याहून जुनी आहे, भिंगरी घरी येऊन सांगत होती. म्हणजे मग एक तर आपल्या घरी भूत आहे किंवा माई नोकरीसाठी खोटं बोलतायत. त्यांचे सहा महिने या महिन्यात संपतात आणि डॉक्टर भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, आकडे बघून ठरवू.

आणि त्या रात्री ताटावरून उठता उठता तिने तो प्रश्न विचारला.

काल संध्याकाळी तिने अहवाल छापला. दोन पानं. आईने चष्मा लावून वाचला. हाताने लिहिलेलं स्क्रिप्टच चालू ठेवावं, अशी शिफारस होती.

"तुला स्वतःला काय वाटतं?" आईने विचारलं.

"मला वाटून काय उपयोग? मला तर वाटलं होतं माईंचाच चांगला आहे. आकडे सांगतात ते लिहायचं, मनाचं नाही. तूच शिकवलंस ना."

माईंना दाखवलास का, असं आईने विचारलं. दाखवला, भिंगरी म्हणाली. माई वाचून म्हणाल्या, तुला दिसलं तेच लिहिलंयस, त्यात खालीवर करू नकोस. रागावल्या नाहीत. नंतर त्या खाली व्हरांड्यात एकट्याच उभ्या होत्या बराच वेळ, आणि मी त्यांच्याजवळ गेले नाही, भिंगरी म्हणाली. जावंसं वाटलं नाही.

आईला काय वाटायला हवं होतं? शरम वाटली, खरं आहे. पण तिच्या आधी, अगदी पुढे घुसून, दुसरंच वाटलं. चांगुलपणातसुद्धा ही बाई माझ्या पुढे निघाली. आपल्याच मनाची ही धाव बघून ती स्वयंपाकघरात जाऊन खाली बसली.

आज सकाळी भिंगरी अहवाल पिशवीत घालून गेली. दारातून परत आली, पिशवी उघडून दोन पानं आहेत ना बघितलं, आणि पुन्हा गेली. मीटिंग अकराला होती. बाबा दाढीला गेले. आई घड्याळासमोर बसली.

तिने सगळे मार्ग धुंडाळले. काहीच करायचं नाही, हा पहिला. मग भिंगरीचं स्क्रिप्ट राहील, फोन वाजत राहील, माई जातील. महिन्याभरात माईंचं नावही निघणार नाही घरात. हेच तर हवं होतं. पण त्याबरोबर घरात राहणार होती ती कुलूप दोनदा बघणारी, कुणाच्या जवळ जावं की नाही हे न कळणारी पोरगी. ती पुढे कुणावर विश्वास टाकेल? आईवर टाकेल, फक्त आईवर. आणि त्या विचाराने क्षणभर जे गोड वाटलं, त्याचीच आईला जास्त भीती वाटली.

डॉक्टरांना सांगावं, तर मुलीला सगळ्यांसमोर ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागेल. माईंना सांगावं हे तिला बराच वेळ पटत होतं. बाईमाणूस आहे, समजून घेईल, वर भिंगरीला काही कळूही देणार नाही. पण मग दोघी म्हाताऱ्यांनी मिळून पोरीच्या डोक्यावरून आणखी एक गोष्ट ठरवली असं झालं. शिवाय माईंनी समजून घेतलेलं आईला सोसलं नसतं. हे कारण तिने स्वतःपाशीही हळूच कबूल केलं.

राहिली भिंगरी. तिला चार तारखा सांगायच्या: दोन, सहा, आठ, बारा. तिच्या पेन्सिलीच्या खुणा त्याच तारखांवर आहेत. ती एका क्षणात जुळवेल, एवढी हुशार आहेच. ती ओरडणार नाही. फोन ठेवेल, व्हरांड्यात जाईल, माईंना शोधेल. आणि आईबद्दल जे काही बोलायचं असेल, रडायचं असेल, ते ती त्या बाईजवळ बोलेल आणि रडेल. त्या निळ्या उशीवाल्या बाईजवळ. संध्याकाळी घरी येईल की नाही हेही सांगता येत नाही. इतके दिवस जे होऊ नये म्हणून आईने जिवाचं रान केलं, ते आता ती आपल्या हाताने करून देणार होती.

अकराला वीस मिनिटं कमी होती.

तिने प्रयोगशाळेचा नंबर लावला. बिझी. ठेवून दिला, मिनिटभर थांबली आणि पुन्हा लावला. या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने उचलला आणि सरावाच्या सुरात विचारलं, रिपोर्टसाठी का?

"नाही. कॉम्प्युटर बघते ना ती, तिच्याशी बोलायचंय. मी तिची आई."

मॅडम मीटिंगच्या तयारीत आहेत, तासाभराने केला तर चालेल का, असं ती मुलगी म्हणाली.

"नाही चालणार," आई म्हणाली. "मीटिंगला बसायच्या आधी तिला बोलवा. मी धरून आहे."